गरम झाल्यावरच मिस मारणारी गाडी: लपलेला दोष कसा पकडायचा

चढावर तिसऱ्या गिअरला गाडी छान ओढत असते आणि मधेच एक ठोका चुकतो. मग दोन. मग सायलेन्सरमधून फट्‌ असा आवाज, एक दणका, आणि पुन्हा काही झालंच नाही अशी गाडी चालू लागते. गॅरेजला नेली की तासभर रेस करूनही एक ठोका चुकत नाही. मेकॅनिक म्हणतो, "गाडी तर ओके आहे सर." दुसऱ्या दिवशी त्याच घाटात पुन्हा तेच.

माझी गाडी म्हणजे १०० सीसीची मोटरसायकल, कार्बोरेटरवाली, २०११ सालची. रोजचा रस्ता वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणी घाट. हा त्रास मी जवळजवळ पाच महिने काढला. तेवढ्या काळात प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला, एअर फिल्टर नवा आला, एकाने सीडीआय (ठिणगीसाठी वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे गेले आणि वाटलं, सुटलं एकदाचं. आज ज्यांची गाडी अशीच अधूनमधून मिस मारते आणि जे पार्टमागून पार्ट बदलत बसलेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो आहे. कारण माझा सगळा खर्च वाया गेला तो पार्ट वाईट होते म्हणून नाही, तर दोष हजर नसताना आम्ही दोष शोधत होतो म्हणून.

हे मला सांगितलं ते वाईतल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी. मी गाडी त्यांच्या दारात उभी केली, काय काय बदललं ते सांगितलं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, "बंद पडलेली गाडी आणा, नाहीतर मिस मारतानाची आणा. अशी चांगली गाडी आणून मी काय बघू? आणि आधी लिहून ठेवा, कधी मारते ते."

म्हणून पहिलं काम वहीचं. खिशातल्या डायरीत मी रोज एवढंच लिहू लागलो: निघाल्यापासून किती मिनिटांनी मिस मारली, किती किलोमीटरवर, टाकीत पेट्रोल किती होतं, पाऊस होता का, कुठल्या गिअरला, थांबल्यावर किती वेळाने नीट झाली. आठ दिवसांत चित्र दिसायला लागलं. पावसाशी संबंध नव्हता. सकाळी निघाल्यावर पहिली १५ मिनिटं एकदाही नाही. साधारण १८ ते २२ मिनिटांच्या दरम्यान सुरुवात. दहा-बारा मिनिटं थांबलं की नीट.

पण इथे एक फसगत असते. पसरणी घाटात १८ मिनिटांनी मी रोज साधारण एकाच टापूत असतो. म्हणजे इंजिन तापलेलं असतं, चढ असतो, उंची वाढलेली असते आणि टाकीतलं पेट्रोल मागच्या बाजूला कललेलं असतं, हे सगळं एकदमच. एका मेकॅनिकने ठामपणे सांगितलं होतं की वर हवा विरळ होते म्हणून मिस मारते. वाईपासून पाचगणी सुमारे ६०० मीटर उंच. तेवढ्याने मिश्रण थोडं रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, हे खरं, पण त्या उंचीने गाडी मिस मारत असेल तर तिथेच दहा मिनिटं थांबल्यावर ती नीट व्हायला नको, उंची तर तेवढीच राहते. तरी खात्री करायची म्हणून एका रविवारी मी घाटाकडे न जाता पाचवडच्या रस्त्याला सपाटीवर गाडी काढली आणि येऊन-जाऊन अर्धा तास चालवली. एकविसाव्या मिनिटाला पहिला ठोका चुकला. उंची गेली, चढ गेला. उरली वेळ. वेळ म्हणजे एकतर उष्णता, नाहीतर हळूहळू साठत जाणारं किंवा संपत जाणारं काहीतरी. तुमच्या गाडीचंही असंच करा. दोन-तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर रस्ता बदलून त्या वेगळ्या करा. एका रविवारचं पेट्रोल जातं, पण पुढचे चार पार्ट वाचतात.

ठिणगी जाते की पेट्रोल?

मिसिंगचं मूळ बहुतेक वेळा या दोनांपैकी एका घरात असतं. कॉम्प्रेशनचं तिसरं घर आहे, त्याकडे नंतर येतो. सीटवर बसल्या बसल्याही बराच अंदाज येतो. ठिणगी जाते तेव्हा बटण दाबल्यासारखी जाते. ताकद एका क्षणात शून्य, दुसऱ्या क्षणी पूर्ण, त्यामुळे गाडी दणका देते. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि ठिणगी परत आली की तिथे पेटतं, तोच तो फट्‌ आवाज. पेट्रोल कमी पडतं तेव्हा मात्र गाडी दमत जाते. पिकअप मंदावतो, रेस वाढवली तर आणखी घुसमटते, थ्रॉटल थोडा सोडला की श्वास घेते. ज्यांच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर आहे त्यांनी मिस मारताना काट्याकडे लक्ष ठेवावं. इंजिन फिरतंय आणि काटा मात्र एकदम खाली कोसळतो आहे, तर दोष बहुधा कमी व्होल्टेजच्या बाजूला म्हणजे वायरिंग, स्विच किंवा पिकअप कॉइलकडे (ती काय असते ते पुढे येतंच).

आणखी एक पक्की परीक्षा आहे. मिस मारायला लागली की रस्त्याच्या कडेला रुंद जागा बघून क्लच दाबा, तिथल्या तिथे चावी बंद करा आणि प्लग काढा. इंजिन गरम असतं, हाताला फडकं घ्या. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पोचत नाही. कोरडं ठाक असेल तर पेट्रोलच्या मागे लागा. गॅरेजमध्ये बसून प्लगचा रंग वाचण्यात अधूनमधूनच्या दोषाला काही अर्थ नाही, कारण तो रंग सगळ्या प्रवासाचा मिळून असतो.

माझ्या बाबतीत पहिल्यांदा काढला तेव्हा प्लग ना धड ओला ना कोरडा होता. त्याचं कारण पुढे कळलं.

टाकीचं झाकण

पेट्रोलच्या बाजूला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे टाकीचं झाकण. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक वाट असते. धूळ, पॉलिश, गाडी धुतानाचा साबण यांनी ती बुजते. मग टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोलची धार बारीक होत जाते आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी गचके खाते. थांबलं की हवा हळूहळू आत शिरते आणि दहा मिनिटांत सगळं ठीक. लक्षात आलं ना, माझ्या डायरीतली सगळी लक्षणं याला तंतोतंत जुळत होती. दुसऱ्या दिवशी मिस मारताच थांबलो, चावी बंद केली, झाकण हळूच फिरवलं, तर सूंऽऽ असा स्पष्ट आवाज आला. झाकण खोलून वाट साफ केली, फुंकून पाहिली, आणि वाटलं, सापडलं.

मिसिंग निम्म्याने कमी झालं. पण गेलं नाही.

अधूनमधूनच्या दोषात माणूस इथेच खचतो. एक खरा दोष सापडलेला असतो, तो दुरुस्तही झालेला असतो, आणि तरी गाडी मिस मारते. मग वाटतं की आपला अंदाजच चुकला. तसं नसतं. जुन्या गाडीत दोन दोष एकत्र नांदू शकतात आणि एकाच्या लक्षणांखाली दुसरा झाकला जातो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि किमान चार दिवस वहीत नोंद करायची. एकाच दिवशी झाकण, प्लग आणि कॉइल बदललं असतं तर मला आजही कळलं नसतं की काय झालं होतं.

पेट्रोलच्या बाजूचं बाकीचं पटकन सांगतो. कार्बोरेटरच्या वाटीखाली ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून आतलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. पाणी असेल तर तळाशी वेगळे गोल थेंब लोळताना दिसतात, गंज असेल तर लालसर चुरा बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, ही तपासणी आधी करा. कॉकची धार बघायची तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. ती एकसारखी वाहायला हवी. हे काम गार इंजिनावर आणि मोकळ्या हवेत, जवळ विडी-सिगारेट नको. आणि मिस मारत असताना चोक थोडा ओढून बघा. ओढल्यावर सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट, कॉक किंवा कार्बोरेटर-इंजिनामधल्या रबराला गेलेली चीर. चोकने आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. काहीच फरक पडला नाही तर ठिणगीकडे वळा. माझ्या गाडीला झाकण साफ झाल्यावर चोकने काहीच फरक पडत नव्हता, आणि आता प्लग काढला तर तो लख्ख ओला, पेट्रोलचा वास येणारा. पहिल्या वेळी दोन्ही दोष एकत्र होते, म्हणून तो मधलाच दिसला होता.

बाहेर दिसणारी ठिणगी

प्लग काढायचा, इंजिनाला टेकवायचा, किक मारायची, निळी ठिणगी दिसली की "करंट ओके" म्हणायचं. बहुतेक ठिकाणी एवढीच तपासणी होते. पण बाहेर हवेचा दाब साधा असतो आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पडायच्या क्षणी तो कित्येक पट असतो. दाबाखाली तीच फट ओलांडायला खूप जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे प्लगला जास्त व्होल्टेज पुरवणारी एचटी कॉइल अर्धमेली असली तरी बाहेर छान ठिणगी दाखवते आणि आत, चढावर, भरलेल्या थ्रॉटलला हार मानते. मिसिंग चढावर आणि लोडवर जास्त जाणवतं ते यामुळेच. तपासायचंच असेल तर स्पार्क टेस्टर वापरा, त्यात ६-७ मिलिमीटरची फट ठेवता येते. एवढी फट जी ठिणगी ओलांडते ती खरी. प्लग नीट अर्थला टेकलेला नसताना किक मारू नका, सीडीआय जळू शकतो. आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, ठिणगी तिथून लांब ठेवा.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच मिस मारणाऱ्यांसाठी एक जुना, पण हमखास उपाय. रात्री दिवे बंद करून गाडी स्लोवर चालू ठेवा आणि कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने प्लगची वायर, कॅप आणि कॉइल यांवर साध्या पाण्याचा बारीक तुषार मारा. कुठे गळती असेल तर तिथे अंधारात निळे तंतू नाचताना दिसतात, चटचट आवाज येतो. हात लावू नका, झटका जबरदस्त बसतो. प्लग कॅप वायरवर आट्यांनी बसलेली असते. ती फिरवून काढा आणि आत बघा. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवा. मल्टिमीटरने कॅप मोजली तर रेझिस्टर कॅपला साधारण ५ हजार ओहम येतात. आकडा लाखांत गेला असेल तर कॅप टाकून द्या.

वायरिंगची परीक्षा हाताने होते. गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. चावी हलवून बघा. हेडलाइटच्या मागचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, एकेक करून दाबा. हँडलच्या मानेपाशी वायरिंगचा जुडगा वर्षानुवर्षं वाकत असतो. वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असं तिथेच होतं. खड्ड्यात मिस मारणाऱ्या गाडीचा दोष मी आधी तिथेच शोधेन. नव्या गाड्यांत साइड स्टँडला स्विच असतो. त्यात चिखल गेला की गाडीला वाटतं स्टँड खाली आहे, आणि चालत्या गाडीचं इंजिन कापलं जातं.

माझी गाडी या सगळ्यातून पास झाली. हँडल फिरवलं, वायरी ओढल्या, पाणी मारलं, काही नाही. डायरी मात्र एकच गोष्ट सांगत होती: गरम.

दहा मिनिटं, एक आकडा

गरम झाल्यावर दगा देणाऱ्या गोष्टी इग्निशनमध्ये मुख्यतः तीन: एचटी कॉइल, पिकअप कॉइल आणि सीडीआय. सीडीआय आधीच बदलून झाला होता. पिकअप कॉइलला आपल्याकडे पल्सर कॉइलही म्हणतात. मॅग्नेटच्या कव्हरच्या आत, मॅग्नेटच्या कडेला बसलेली ही अंगठ्याएवढी वस्तू. मॅग्नेटवरचा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती सीडीआयला इशारा देते आणि सीडीआय साठवलेली वीज एचटी कॉइलमध्ये सोडतो. इशारा चुकला की ठिणगी चुकली. आत केसापेक्षा बारीक तांब्याची तार असते आणि तिची टोकं जाड वायरींना डाग देऊन जोडलेली असतात. इंजिन तापलं की सगळं प्रसरण पावतं आणि कच्चा डाग सुटतो. थंड झालं की पुन्हा टेकतो. गॅरेजमधल्या गार इंजिनावर ती शंभर टक्के चांगली दिसते.

काकांनी मला मल्टिमीटर दिला आणि पिकअप कॉइलचा कपलर कुठे आहे ते दाखवलं. गार इंजिनावर मोजलं: ११८ ओहम. वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी घाटात मिस मारायला लागली तशी कठड्यापाशी रुंद जागेत गाडी घेतली, बंद केली, साइड कव्हर काढलं, कपलर सोडवला आणि दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या.

मीटरवर ओएल. म्हणजे तार तुटलेली, वाट बंद.

मी सुया तशाच धरून बसलो. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, इंजिन टिक टिक करत निवत होतं. पाच मिनिटं झाली, ओएल. आठ झाली, आकडा क्षणभर चमकला आणि गेला. दहाव्या मिनिटाला १४० आला आणि टिकला. मग एकेक ओहम उतरायला लागला: १३९, १३७, १३४. पाच महिने जो दोष कुणाला दिसत नव्हता तो माझ्या हातातल्या मीटरवर येऊन गेला होता, आणि गाडीला किक मारली तर पहिल्या किकला सुरू.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. गरम कॉइलचा आकडा वाढलेला दिसणं हा दोष नव्हे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. तीस अंशाला ११८ असलेली कॉइल ऐंशी अंशाला १४० दाखवणारच. दोष म्हणजे आकडा गायब होणं किंवा उड्या मारणं. तुमच्या गाडीचा बरोबर आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, माझ्या ११८ शी ताडून बघू नका. एचटी कॉइलही अशीच, एकदा गार आणि एकदा मिस मारताना, मोजायची.

कॉम्प्रेशनचं तिसरं घर राहिलं होतं. गरम झाल्यावर स्लोला गाडी बंद पडते, रेसला मात्र ठीक पळते, असं असेल तर टॅपेट टाइट आहेत का, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट कमी झाली आहे का, बघा. व्हॉल्व्ह तापून लांबतो, फट संपते, तो पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. फट गार इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टी खुणेवर, फीलर गेजने मोजायची. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ती फक्त ०.०५ मिलिमीटर असते. कानाने टॅपेट सेट करून "आवाज गेला" म्हणणाऱ्यांपासून गाडी जपा, कारण थोडा टिकटिक आवाज करणारा टॅपेट इंजिनाला मारत नाही, बिनआवाजाचा मारतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. तिथे इंजिनाचा दिवा लागतो किंवा ठरावीक वेळा लुकलुकतो, ती लुकलुक मोजून कोड वाचता येतो. पण सुटणारा-टेकणारा डाग कोड टाकेलच असं नाही, तेव्हा डायरी आणि मल्टिमीटर तिथेही लागतात. एक मात्र सांगतो, या गाड्या मिस मारत असताना रेटत चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग अतितापाने खराब होतो.

पिकअप कॉइल काकांनीच बदलली. मॅग्नेट कव्हर काढलं, कव्हरचं जुनं पॅकिंग खरवडून नवं टाकलं, आणि कॉइल व मॅग्नेटवरच्या उंचवट्यामधलं अंतर फीलर गेजने तपासलं. हे अंतर बरेच जण बघतच नाहीत आणि मग नवी कॉइलही लंगडते. जुन्या कॉइलचा डाग त्यांनी भिंगाखाली धरून मला दाखवला. गोल, राखाडी, आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक काळी रेघ.

नवी कॉइल गार असताना ११४ ओहम, घाट चढून आल्यावर १३६. दोन्ही आकडे तारखेसह टाकीखाली, फ्रेमवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवले आहेत. त्यानंतर अख्खा पावसाळा पसरणी घाटातून रोज येऊन-जाऊन केला. डायरीत त्या रकान्यात एकही नोंद नाही.